‘तान्हाजी’ पुन्हा पाहिला : शरद केळकर, सैफ आणि बाकी मंडळींसाठी

गडवाट_यळ्ळूर (धागाकर्ता)

‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ मला मनापासून आवडतो. आणि इतिहास म्हणून तो ठिकठिकाणी घसरलाय, हेही मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या बेळगावजवळच्या यळ्ळुरात ही दोन वाक्यं एका दमात बोललं की कट्ट्यावर वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, महाराजांच्या काळावरचा सिनेमा आहे, चुका कसल्या काढतोस. दुसरी म्हणते, एवढा बनावट सिनेमा तुला आवडतोच कसा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चुका. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो परत घेतला. तानाजी मालुसरे पडले, किल्लेदार उदेभान राठोडही पडला. एवढा सांगाडा सिनेमानं ठेवलाय, बाकीचं बहुतेक लेखकाच्या मनातलं. ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ कोंढाण्यावर चढवायची आणि तिथून राजगड उडवायचा, हा कथेचा कणाच काल्पनिक. कोंढाणा ते राजगड हवेतून मोजलं तरी सुमारे १५ किलोमीटर भरतं. त्या काळातली कुठली तोफ एवढा पल्ला गाठणार? तान्हाजी वेष पालटून उदेभानच्या गोटात नाचून येतो, तेही तसंच. उदेभान तर मगर भाजून खाणारा राक्षस करून टाकलाय. कडे, दऱ्या, तटबंदी बरीचशी संगणकावर केलेली, आणि डोंगरात फिरलेल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं. आमच्या राजहंसगडाच्या बुरुजावर हात टेकला तर तळव्याला जो खरखरीत दगड लागतो, तसा दगड या सिनेमात कुठं दिसत नाही.

तरीही मी तो परत परत लावतो. कारण त्यातले नट.

महाराज झालेल्या शरद केळकरांपासून सुरुवात करतो. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथावर ज्यानं कधी काम केलंय, त्याला मी काय म्हणतोय ते चटकन कळेल. बाहेरच्यांसाठी सांगतो : आमच्याकडं जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि त्यानंतर नरगुंदकर भावे चौकातून रात्रभर चित्ररथांची मिरवणूक. ट्रॉलीवर सजीव देखावा करायचा, संवाद आधीच रेकॉर्ड करून स्पीकरवर लावलेले, आपण त्याबरहुकूम ओठ हलवायचे. यात सगळ्यांत अवघड काम महाराजांचं, कारण प्रेक्षक आधीच हात जोडून उभा असतो. नुसतं येऊन उभं राहिलं तरी घोषणा सुरू होतात. त्यामुळं बहुतेक जण तेवढंच करतात. छाती पुढं, हात तलवारीच्या मुठीवर, नजर लांब कुठंतरी. माणूस जातो आणि पुतळा उरतो.

केळकरांचं तसं होत नाही. रायबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन तान्हाजी येतो आणि कोंढाण्याची मोहीम त्याच्यापासून लपवायची असं महाराजांनी ठरवलेलं असतं, तो सगळा भाग नीट बघा. मित्राच्या घरी कार्य आहे याचा आनंद खरा, आणि त्याच्यापासून काहीतरी लपवतोय हा त्रासही खरा. केळकर यातलं काही बोलून दाखवत नाहीत. ते समोरच्याचं ऐकतात. राजा ऐकताना दिसला की तो किती मोठा आहे हे आपोआप कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. आवाजाचं तर काय बोलावं, ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासच्या तोंडी त्यांचाच आवाज आहे. पण इथं तो आवाज ते जपून वापरतात, उगाच चढवत नाहीत. लहानपणी आपण अडखळत बोलायचो, असं त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. बोलणं ज्यानं मेहनतीनं कमावलंय त्याची ती काटकसर असावी, असं मला बघताना वाटत राहतं.

मग सैफ अली खान. उदेभान लिहिलाय एकाच रंगात, पण सैफनं त्याला असा काही जिवंत केलाय की तो पडद्यावर आला की पाठ सरळ होते. तो आता हसणार की गळा कापणार, याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नाही. आवाज खाली, हालचाल सैल, पाय तालावर, आणि डोळे मात्र सगळं टिपत असतात. ‘शंकरा रे शंकरा’ गाण्यात लोक नाच बघतात, मी त्याच्याकडं बघतो. फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक त्याला या कामासाठी मिळालं, ते योग्यच झालं.

अजय देवगणला तान्हाजीच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तमिळ नट सूर्याबरोबर विभागून. मला तो लढाईपेक्षा लग्नघरात जास्त आवडतो. पोराच्या लग्नाच्या गडबडीतला, सगळ्यांची चेष्टामस्करी करणारा बाप. हा बाप आधी पटला म्हणून शेवट लागतो. त्याची बायको झालेल्या काजोलला प्रसंग मोजकेच, पण निरोपाच्या वेळी तिच्या चेहऱ्यावर सगळं कळून चुकल्याचं जे येतं, त्याला तोड नाही.

तुमचं काय मत? कुणाचं काम तुम्हाला लागलं?

शहापूरकर

केळकरांबद्दल शब्दन् शब्द पटला. ट्रेलरच्या कार्यक्रमात एका पत्रकारानं नुसतं ‘शिवाजी’ म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथं ‘छत्रपती शिवाजी महाराज’ असं दुरुस्त केलं होतं, तो व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कितीतरी दिवस फिरत होता. तोच मान कामातही दिसतो. आणि मान ठेवूनही भूमिका ताठ झाली नाही, हे विशेष.

बखर_वाचक (निपाणी)

धागा चांगला आहे, पण मला एक मूलभूत अडचण आहे आणि ती मी मोकळेपणानं मांडतो.

तुम्ही म्हणता पटकथा चुकली, पण नटांनी सांभाळून नेली. माझं म्हणणं, चूक पचायला सोपी झाली ती नटांमुळंच. सैफच्या जागी एखादा सुमार नट असता तर उदेभानचं ते मगर खाणं बघून लोकांनी मान हलवली असती आणि विसरून गेले असते. सैफनं ते इतकं उत्तम केलं की आज शाळेतली पोरं उदेभान म्हटलं की तोच माणूस डोळ्यांपुढं आणतात. तो एक राजपूत किल्लेदार होता, मोगलांचा चाकर होता, आपल्या धन्याचा किल्ला राखताना लढून मेला. यापलीकडं त्याच्याबद्दल फार माहिती नाही. त्या रिकाम्या जागेत सिनेमानं राक्षस बसवला. सैफ स्वतःच एका मुलाखतीत म्हणाला होता की हा इतिहास आहे असं त्याला वाटत नाही. नटालाही जे खटकलं ते आपण अभिनयाच्या नावावर का माफ करायचं?

दुसरं शेलारमामांचं. पोवाड्यात आणि परंपरेत तानाजी पडल्यावर उदेभानला मारतो तो म्हातारा शेलारमामा. ढाल तुटल्यावर तानाजींनी हाताला शेला गुंडाळून वार झेलले, मग ते पडले, मावळे बिथरून मागं फिरले, तेव्हा सूर्याजीनं दोर कापून टाकले आणि ‘तुमचा बाप इथं मरून पडलाय’ म्हणून त्यांना परत फिरवलं. या गोष्टीचा कळसच हा आहे की नायक अर्ध्यात पडतो आणि लढाई बाकीच्यांनी जिंकायची असते. सिनेमानं उदेभानचा शेवटही तान्हाजीच्याच हातानं करून घेतला. मोठा नट आहे म्हणून सगळं त्याच्या पदरात. ही चूक मला त्या तोफेहून मोठी वाटते, आणि ती नटांच्या वजनापायीच झालीय.

गडवाट_यळ्ळूर (धागाकर्ता)

बखर_वाचक, शेलारमामांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. सूर्याजीचा तो प्रसंग मलाही हवा होता. देवदत्त नागेसारखा तगडा गडी सूर्याजी म्हणून हाताशी असताना त्याला तो क्षण पुरेपूर मिळायला हवा होता.

पण पहिल्या मुद्द्याला उत्तर देतो. आपण ज्याला परंपरा म्हणतो तोही शाहिराच्या तोंडून आलेला आहे. तुळशीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा ऐका. त्यात घोरपड आहे, शकुन आहेत, शेलारमामांचं ८० वर्षांचं वय आहे. ‘सिंहगड’ हे नाव तर तानाजींच्या मृत्यूच्या आधीच्या पत्रांतही सापडतं, म्हणजे ‘गड आला पण सिंह गेला’ यातून गडाला नाव पडलं ही आपली लाडकी गोष्टही तशी खरी नाही. तरी पोवाडा ऐकताना अंगावर काटा येतो, तो शाहिराच्या गळ्यामुळं आणि कुठं थांबायचं या त्याच्या जाणिवेमुळं. हा सिनेमा मी त्याच कानानं ऐकतो. इतिहास मला पुस्तकांतून मिळतो. ‘लग्न पुढं ढकलून मरायला निघालेला माणूस घरात कसा वावरला असेल’ हे मला पुस्तकात मिळत नाही, ते देवगण आणि काजोल देतात.

उदेभानचा अन्याय मात्र आहेच. त्यावर माझ्याकडं बचाव नाही.

चव्हाट_गल्ली

चित्ररथाचा विषय निघाला म्हणून लिहालोय. आमच्या मंडळाचे देखावे बसवायचं काम माझ्याकडं असतं.

गडवाट म्हणालेत ते शंभर टक्के खरं आहे, महाराजांचं काम करणारं पोरगं मिळणं सगळ्यांत अवघड. दिसायला शोभणारी पोरं भरपूर. पण ट्रॉलीवर संवाद स्पीकरवरनं येतात, वारं आणि ढोल-ताशात पुढचं वाक्य कधी सुरू झालं कळत नाही, जनरेटरचा धूर डोळ्यांत, आणि रामदेव गल्लीत वळताना ट्रॉली अशी हलते की दाढी धरायची का तलवार, असं होतं. अशात अभिनय काय करणार! त्यामुळं सगळी एक पोज धरून बसतात.

‘तान्हाजी’ आल्यावर मी एक करायला लागलो. तालमीला पोरांना केळकरांचे प्रसंग दाखवायचे, आवाज बंद करून. संवाद ऐकू आले नाहीत की नटाचं खरं काम उघडं पडतं. पोरांना म्हणालो, आता सांगा महाराज खूश आहेत का काळजीत. सगळ्यांनी बरोबर सांगितलं. मग विचारलं, कशावरनं ओळखलंत? तेव्हा एकानं सांगितलं, ‘दादा, तान्हाजी बोलालाय तेव्हा ते त्याच्याकडं बघतात, पण तो बघायला लागला की नजर काढून घेतात.’ मला इतक्या वेळा बघून ते दिसलं नव्हतं, त्या आठवीतल्या पोराला दिसलं. तेवढं एक आम्ही त्या वर्षीच्या देखाव्यात घेतलं, बाकी सगळं नेहमीचंच. पण बायका-माणसं त्या ट्रॉलीपाशी थांबून बघत होती.

उदेभानचं म्हणाल तर बखरवाल्या काकांचं बरोबर आहे. सिनेमा आल्यापासून प्रत्येक मंडळाचा उदेभान सैफसारखाच हसतो. आमचा पण हसला. पोरांना ते करायला आवडतं, लोकांना बघायला आवडतं.

टिळकवाडीची_काकू

सगळे पुरुषांच्याच कामाबद्दल लिहिताय, म्हणून मी लिहिते.

जिजाऊंचं काम करणाऱ्या पद्मावती राव यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही. त्या मूळच्या रंगभूमीवरच्या. आमच्या पिढीनं बेळगावात मराठी बघितलं तसं कन्नडही भरपूर बघितलं, तेव्हा शंकर नाग यांच्या ‘गीता’त नायिका म्हणून त्यांना बघितलेलं. अरुंधती नाग यांच्या त्या बहीण. कन्नड सिनेमात गाजलेल्या बाईनं जिजाऊ करावी आणि ती कुठंही परकी वाटू नये, याचा मला फार आनंद झाला. कोंढाणा परत येईपर्यंत अनवाणी राहायचं असं व्रत सिनेमात दाखवलंय. ते खरं की खोटं ते अभ्यासकांनी बघावं. पण पद्मावतीबाई ते बोलताना रडत नाहीत, ओरडत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईनं एकदा ठरवलं की ठरवलं, त्यावर चर्चा नाही, तो सूर त्यांनी बरोब्बर धरलाय. लेकालाही त्या सुरापुढं काही बोलता येत नाही आणि केळकर तिथं मुलगा होतात, राजे राहत नाहीत. या दोघांचे प्रसंग आणखी असते तर सिनेमा कितीतरी उंच गेला असता.

काजोलचं काम मला आवडलं, तरी लेखकानं तिला फार कमी दिलंय असंच म्हणेन. तिच्या घरात लग्न आहे. मांडव, पाहुणे, जेवणावळी, सगळं तिनं उभं केलेलं. नवऱ्यानं लग्न पुढं ढकललं याचा पहिला धक्का कुणाला बसला असेल? तिलाच ना? त्यावर एक अख्खा प्रसंग हवा होता. काजोलनं ती उणीव चेहऱ्यानं भरून काढली, पण नटीवर किती भार टाकायचा याला मर्यादा असते. चांगले नट मिळाले की लेखक आळशी होतात, असं मला बरेचदा वाटतं.

मलप्रभाकाठ

मी बैलहोंगल भागातला. उदेभानच्या मुद्द्यावर मला आमच्याकडची गोष्ट सांगाविशी वाटते, कारण ती मला या सिनेमाच्या वेळी सारखी आठवत होती.

आमच्या तालुक्यात बेळवडी आहे. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना महाराजांच्या फौजेचा तिथल्या देसायांशी संघर्ष झाला. देसाई पडल्यावर त्यांची पत्नी मल्लम्मा गढी लढवत राहिली. मराठीत तिला सावित्रीबाई देसाई म्हणतात. एवढ्याशा गढीनं मराठ्यांना बरेच दिवस झुंजवलं. शेवटी ती पकडली गेली, तेव्हा महाराजांनी तिला सन्मानानं वागवलं आणि तिचा अपमान करणाऱ्या सखूजी गायकवाड या आपल्याच सरदाराला कडक शिक्षा केली, असं परंपरा सांगते. धारवाडजवळ यादवाडला एक शिल्प आहे, त्यात महाराज मांडीवर मूल घेऊन बसलेत. ते बेळवडीशी जोडलं जातं.

माझ्या घरी मराठी, शेजारी कन्नड. आम्हाला मल्लम्माही आमची आणि महाराजही आमचे. विरुद्ध बाजूनं लढलेल्या माणसाचा मान ठेवणं ही महाराजांचीच रीत होती, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून उदेभानला जनावर करून टाकलेला बघून मला वाईट वाटलं. सैफमध्ये तर एक शूर, गर्विष्ठ, चुकीच्या बाजूला उभा असलेला राजपूत दाखवायची पूर्ण ताकद होती. मधेच एखाद्या क्षणी तो दिसतो देखील. शेवटच्या झुंजीत समोरचा गडी हात तुटूनही थांबत नाही हे बघितल्यावर सैफच्या डोळ्यांत क्षणभर जे येतं ते मला आदरासारखं वाटलं. लेखकानं ते लिहिलेलं नसणार. ते नटानं आणलंय.

गडवाट_यळ्ळूर (धागाकर्ता)

मलप्रभाकाठ, यापुढं तो प्रसंग याच नजरेनं बघणार. बेळवडीबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. यावर वेगळा धागाच काढा, मी आत्ताच जागा धरून ठेवतो.

रेक्स_बाल्कनी

मी थोडा वेगळा सूर लावतो. केळकर, सैफ, काजोल सगळं मान्य. देवगण मात्र मला तान्हाजी वाटलाच नाही. चालणं, मान वळवणं, डोळ्यांनी दम देणं, सगळं त्याच्या पोलीस सिनेमांतलं. मावळातला गडी वाटायला पायांत माती दिसावी लागते. अजय पुरकर यांनी ‘सुभेदार’मध्ये (२०२३) तेच पात्र केलंय. त्यांचा तानाजी बसला, उठला, हसला तरी मावळातला वाटतो. पैसा कमी, संगणकाची करामत कमी, पण बोलण्याची ढब आपली. हिंदीवाल्यांनी कितीही खर्च केला तरी ते येत नाही.

गडवाट_यळ्ळूर (धागाकर्ता)

पुरकरांबद्दल वादच नाही. त्यांचा ‘पावनखिंड’मधला बाजीप्रभूही तसाच मातीतला.

पण देवगणकडं परत एकदा बघा, लढाया सोडून. अंगात ताकद असलेला माणूस ती घरात वापरत नाही, हे त्यानं फार छान पकडलंय. लग्नघरात त्याचे खांदे सैल असतात. मोहिमेचं कळल्यापासून तेच खांदे बदलतात, आवाज तेवढाच राहतो. तुम्ही म्हणता तो पोलिसी दम मलाही मधे मधे दिसतो, विशेषतः भाषणाच्या जागी. ती भाषणं कुणीही केली असती तरी तशीच झाली असती असं मला वाटतं, इतकी ती टाळ्यांसाठी लिहिलीयेत.

खानापूरवाला

शेलारमामांचा विषय निघून तसाच राहिला, म्हणून लिहितो. सिनेमात ते काम शशांक शेंडे यांनी केलंय. प्रसंग थोडे, पण हा माणूस एका वाक्यात गावाकडचा म्हातारा उभा करतो. नात्यातला, कुरकुरणारा, आणि वेळ आली की सगळ्यांत पुढं. बखर_वाचक म्हणतात तसा उदेभानचा शेवट त्यांच्या हातून झाला असता तर आमच्या खानापूर तालुक्यात सिनेमागृहाची छपरं उडाली असती.

का, तर आमच्याकडं गावोगाव यात्रेला नाटकं होतात. ऐतिहासिक नाटक असलं की मोठी कामं तरण्या पोरांना जातात, पण एखादं म्हाताऱ्याचं काम गावातल्या जुन्या नटासाठी राखलेलं असतं. तो माणूस वर्षभर शेतात, भाताच्या चिखलात. पण पडदा वर गेला की त्याच्या आवाजात काय येतं देव जाणे! प्रॉम्प्टर पडद्याआडून वाक्यं फेकत असतो आणि हा प्रॉम्प्टरच्या पुढं धावत असतो. शेंड्यांना बघताना मला तेच आठवलं.

आणखी एक. शेलारमामा ही भूमिका आपल्याकडच्या सिनेमाइतकीच जुनी आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं बाबूराव पेंटरांच्या दिग्दर्शनाखाली १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट केला, त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. तेव्हा ते अगदी तरुण होते. पुढं १९३३ मध्ये प्रभातसाठी त्यांनी स्वतः ‘सिंहगड’ बोलपट दिग्दर्शित केला. म्हणजे कोल्हापूरची माणसं शंभर वर्षांमागं ही गोष्ट करत होती, आणि तेव्हाही तरण्या नटाला म्हातारा करायचा मोह होताच.

शहापूरकर

ही माहिती नव्हती. मूकपटात संवाद नाहीत, म्हणजे चव्हाट गल्लीवाल्यांचा आवाज बंद करून बघायचा प्रयोग तिथं आपसूकच झालेला!

बखर_वाचक (निपाणी)

काल रात्री चव्हाट गल्लीच्या सांगण्यावरून आवाज बंद करून काही प्रसंग बघितले. माझं मत बदललेलं नाही. उदेभानवर अन्याय झालाय आणि तो सैफच्या चांगल्या कामामुळं जास्त पसरलाय, हे मी परत म्हणतो. पण त्या आठवीतल्या मुलानं सांगितलेली नजर मला दिसली. आणि टिळकवाडीच्या काकू म्हणतात ते पद्मावतीबाईंचं कामही. संवादांच्या गोंगाटात हे माझ्या आधी कधी लक्षात आलंच नव्हतं.

माझी एक विनंती आहे, चव्हाट_गल्ली. सिनेमा आता बदलता येणार नाही, पण देखावा तुमच्या हातात आहे. पुढच्या शिवजयंतीला कोंढाण्याचा देखावा करणार असाल तर परंपरेतला करा. उदेभानला हसवू नका, लढवा. तानाजी आधी पडू देत, सूर्याजीला दोर कापू देत आणि शेवटचा वार शेलारमामांना द्या. संवादांसाठी पोवाड्यातल्या ओळी लागल्या तर मी काढून देतो.

चव्हाट_गल्ली

करूया की ओ काका. मंडळाच्या बैठकीत हा विषय घेतो. उदेभानचं काम करणारं पोरगं नाराज होईल, त्याला मी समजावतो. त्याला लढायला भरपूर देऊ, म्हणजे रुसणार नाही. दोर कापायचा प्रसंग ट्रॉलीवर कसा बसवायचा तेवढं बघावं लागेल. उंचीला जागा कमी असते आणि वर विजेच्या तारा. बहुतेक मागच्या बाजूला कडा उभा करून दोर पुढं लोकांना दिसेल असा सोडतो.

अडचण एकच, शेलारमामा. आमच्याकडं सगळी पोरं पंचविशीच्या आतली, दाढी लावली तरी म्हातारी दिसत नाहीत. खानापूरवाले, तुमच्या गावच्या नाटकातलं कुणी जुनं माणूस येणार असेल तर विचारून बघा. रात्रभर ट्रॉलीवर उभं राहावं लागेल हे आधीच सांगा. न्यायला-आणायला गाडी आम्ही पाठवतो, आणि संवाद त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करू.

खानापूरवाला

एक जण डोळ्यांपुढं आहेत. भाताची मळणी उरकली की भेटून विचारतो आणि इथंच कळवतो.